एकच क्लेरिक, तीन जगं

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन गोष्ट खेळायच्या खेळात मी क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुजारी, घेतला, कारण जखमा बऱ्या करायचं काम बाकी तिघांना नको होतं. पात्राच्या शीटवर देवतेचं नाव लिहायचं होतं, ते मी सोडून दिलं. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणाला, "अरे, हे फरगॉटन रेल्म्सचं जग आहे. कुठल्याच देवाचा नसलेला माणूस मेला की त्याचा आत्मा भिंतीत चिणतात." भिंत खरंच आहे, श्रद्धाहीनांची. घाईघाईने इल्माटर लिहिला, दुसऱ्यांच्या यातना स्वतःवर घेणारा देव.

तिथे देव आहेत की नाहीत हा वादच नाही. तिथल्या १३५८ साली सगळ्या देवांच्या वर असलेल्या एओने एक हेल्म सोडून बाकीच्यांना मर्त्य करून खाली माणसांत ढकललं आणि पुढे देवाची ताकद भक्तांवर अवलंबून ठेवली. थोडक्यात मतदारसंघ. लॉल्थ ही अॅबिस या राक्षसलोकातली राक्षसीण, पण ड्राउ, म्हणजे पाताळात राहणारे काळे एल्फ, तिला देवी मानतात आणि ती त्यांच्या पुजारणींना मंत्र देतेही. यावर आमच्यातल्या एकाने, ज्याचं कुलदैवत खंडोबा, विचारलं, "मग मणीची अलाइनमेंट काय लावशील, चांगला की वाईट? दैत्य होता, देवाशी लढला, आणि तरी जेजुरीला पुजला जातो." डीएमने फासे टाकायला सांगून विषय बदलला.

सहा महिन्यांनी तोच क्लेरिक एबेरॉन या खेळातल्या दुसऱ्या जगात न्यायचं ठरलं. इल्माटर तिथे नाहीच, म्हणून सिल्व्हर फ्लेम, म्हणजे पवित्र ज्योत पुजणारा पंथ, घेतली आणि इथेच माझी फजिती झाली. त्याच पंथाच्या एका पुजाऱ्याने माझ्यादेखत जखम भरून काढली. मी म्हटलं, पंथ चांगला आणि मंत्र चालतोय, म्हणजे माणूस चांगला. रेल्म्समध्ये सहा महिने हाच हिशोब पाहिला होता. त्याला आमची सगळी योजना सांगितली आणि दोन तासांत चौघंही कोठडीत. एबेरॉनमध्ये देव कुणाला भेटत नाहीत, मंत्र श्रद्धेच्या जोरावर मिळतात, त्यामुळे चांगल्या पंथातला नीच पुजारीही मंत्र टाकत राहतो. शिवाय त्या ज्योतीतच बेल शालोर नावाचा महाराक्षस कोंडलेला आहे. टिरा मिरॉन नावाच्या वीरांगनेने स्वतःचा बळी देऊन त्याला बांधलं, पण तो आतून कुजबुजतो. म्हणजे कानात आलेला आवाज नक्की कुणाचा? कोठडीत बसून मी हे नियमपुस्तकात वाचलं. आधी वाचायला हवं होतं, मान्य.

तिसरी मोहीम डार्क सन. या जगाचा संच १९९१चा, खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतला. १९८९च्या त्या आवृत्तीत 'हा खेळ सैतानपूजा शिकवतो' या अमेरिकेतल्या आरड्याओरड्यानंतर 'डीमन' आणि 'डेव्हिल' हे शब्दच काढून पुढे त्यांच्या जागी 'तनारी' आणि 'बातेझू' आणले होते. वाचताना आधी मला त्या दोन परदेशी जमाती वाटल्या. पण अॅथासवर, म्हणजे डार्क सनच्या जगात, भानगड वेगळी. तिथे देवच नाहीत. शहरांवर जादूगार-राजे बसलेत आणि त्यांच्या टेंप्लरांना, म्हणजे पुजारी-अधिकाऱ्यांना, मंत्र राजाच देतो, म्हणजे ज्याच्यासमोर वाकायचं तोच कर गोळा करणार. आणि क्लेरिक? त्याने पृथ्वी, वारा, अग्नी किंवा पाणी निवडायचं.

वाळवंटाचं जग म्हणून मी इल्माटर आणि फ्लेम, दोन्ही खोडून त्यांच्याखाली 'पाणी' लिहिलं.

डीएमने शीट बघितली आणि विचारलं, "सोबत किती घेतलंयस?"