गृहभेटीनंतर

वसईतील आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचे काम करताना गृहभेटीला एकट्याने न जाता दोघांनी मिळून जायचे, हा दंडक आम्ही पाळतो आणि आज एका विधवा भगिनीच्या घरी त्याचे मोल मला पुन्हा जाणवले. माझी सहकारी त्यांच्याशी बोलत असताना मला त्यांची कागदपत्रांची पिशवी निवांतपणे पाहता आली. पतीचा मृत्यू दाखला त्यात होता, मात्र रेशनकार्डावर अजून पतीचेच नाव होते आणि बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १५०० रुपये मिळण्यासाठी त्यांना आधी उत्पन्नाचा दाखला काढावा लागेल, परंतु रोजंदारी बुडवून तहसील कचेरीच्या फेऱ्या त्यांनी माराव्यात तरी कशा? सोमवारी आमच्यापैकी एक जण त्यांच्यासोबत जाईल आणि दुसरी मुलांना शाळेतून आणील.

१८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह हे काम सुरू केले, तेव्हा सिस्टर रोझाली रांदू यांनी त्यांना गरिबांच्या घरी जायला शिकवले. धान्य द्यावेच, पण घरात बसून ऐकल्याशिवाय खरी गरज कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोणाच्या घरी गेलो, हे मिस्सानंतर (चर्चमधील उपासनेनंतर) चर्चच्या आवारातही बोलायचे नसते. म्हणूनच या पोस्टसोबत छायाचित्र नाही.

सरकारी अर्जांची माहिती असलेल्या निवृत्त मंडळींनी कृपया आम्हाला येऊन मिळावे.