न हललेलं पान

एप्रिलचा तिसरा रविवार, ठाण्याजवळचं येऊरचं जंगल

आज रातवा पाहिला, रात्री किडे टिपणारा पक्षी. खरं तर आईनं पाहिला आणि मला दाखवला.

सकाळी चौकीवर नोंद करून आत शिरलो. सागाची पानगळ सरलेली, वाटेच्या दोन्ही अंगांना पाचोळ्याचा थर. नाल्याच्या वळणावर आई थांबली. "अगं, ते एक पान हलत नाहीये बघ."

मला कळेना. झुळूक आली की सगळा पाचोळा सरसरायचा. त्यातला एकच तुकडा जागचा ढळत नव्हता म्हणे. दुर्बीण लावली तरी मला वाळकं लाकूडच दिसलं. "कुड्याच्या बुंध्यापासून दोन हात डावीकडे. आता जरा खाली." आणि एकदम त्या लाकडाला डोळा फुटला. पुरता डोळाही नाही, मिटल्या पापण्यांमधली बारीक फट. मग इवलीशी चोच, मग राखाडी-तपकिरी पाठीवरच्या काळ्या रेघा. वीतभराहून थोडा मोठा पक्षी, आमच्यापासून पाच-सहा पावलांवर. जन्मभर तांदूळ निवडलेली नजर आहे आईची.

मी क्षणभर आईकडे वळले आणि परत बघते तर नाहीच! तो तिथंच होता, मला मात्र पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागला.

चोच एवढीशी असली तरी रातव्याचा जबडा चांगलाच रुंद उघडतो. रात्री उडता उडता तो पतंग, भुंगेरे त्यात टिपतो. दिवसा मात्र न हलणं हाच त्याचा आसरा. हे दिवस विणीचे. घरटं नसतं, अंडी थेट जमिनीवर, बहुधा दोन. त्याच्या पोटाखाली काय आहे ते बघायला मी पुढे गेले नाही. कॅमेरा पिशवीतच राहिला. नुसत्या फोटोसाठी पक्षी उठवणारी माणसं मी याच वाटेवर पाहिली आहेत, आणि तो राग अजून गेलेला नाही. उन्हात उघडी पडलेली अंडी कुणाला दिसतात, हे कावळ्यांना चांगलं ठाऊक असतं.

पिसांवरून रातव्यांच्या जाती सांगणं कठीण, त्या ओळखायच्या आवाजावरून. रानातल्याचं एकसुरी चक्-चक्-चक्; माळावरच्या भारतीय रातव्याचं मात्र शेवटी घरंगळत जाणारं, फरशीवर टाकलेल्या गोटीसारखं. आजचा गप्पच होता.

आल्या पावलीच मागे सरलो. आईनं तर चपला हातात घेतल्या होत्या.

संध्याकाळी साडेसातला ती गॅलरीत उभी होती, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून. "आता उठला असेल ना गं तो?"

"हो आई, आता उठला असेल."