आंदोलनातली केस आणि शिक्षेची सुनावणी: माझा अनुभव

जुलै 2018 चं मराठा आरक्षणाचं आंदोलन सगळ्यांना आठवत असेल. काकासाहेब शिंदेंनी कायगाव टोक्याला गोदावरीत उडी घेतली आणि त्यानंतर गावोगाव बंद, रास्ता रोको सुरू झाले. आमच्या तालुक्यातही झाला, त्यात एक एसटी जळाली, ड्रायव्हरच्या डोक्यात दगड बसला, बंदोबस्ताच्या पोलिसांना धक्काबुक्की झाली. माझा धाकटा भाऊ तेव्हा 19 चा, व्हिडिओत झेंडा घेऊन पुढे दिसतो, हातात दगड नाही काही नाही, पण आरोपींच्या यादीत नाव आलंच.

तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं सगळ्यांना एकसारखी लावली, 147 म्हणजे दंगल, 353 म्हणजे सरकारी नोकराला कामात अडवायला हल्ला, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा कायदा आणि सोबत 149, म्हणजे जमावाचा उद्देश एक होता असं ठरलं की एकाने केलेलं सगळ्यांच्या अंगावर. त्यात 353 ची शिक्षा महाराष्ट्रात त्याच जूनमध्ये 2 वरून 5 वर्षांपर्यंत नेली होती आणि केस सेशन्स कोर्टात चालणार असं झालं होतं.

पुढे सरकारने आंदोलनाचे गुन्हे मागे घेऊ म्हणून जाहीर केलं. पण अट अशी की जीवितहानी नको आणि नुकसान 5 लाखांच्या वर नको, एसटीच जळालेली म्हटल्यावर तो रस्ता बंद, काडी लावणारा आणि कडेला घोषणा देणारा दोघंही एकाच केसमध्ये अडकले. आणि अटीत बसलं तरी सरकारी वकिलांनी अर्ज करावा लागतो, कोर्टाची परवानगी लागते, मंत्र्यांनी सभेत सांगितलं म्हणून केस संपत नाही.

मग वर्षानुवर्षं तारखा. शेवटी जाळपोळ आणि दगडफेकीतून भाऊ सुटला पण 147 आणि 149 सह 353 मध्ये दोषी धरला. आई तिथेच बाकावर बसली, तिला वाटलं आता इथूनच जेलमध्ये नेणार.

खरं महत्त्वाचं इथून पुढे आहे. दोषी धरलं की लगेच शिक्षा सुनावत नाहीत, आधी शिक्षेवर वेगळी सुनावणी असते, जुलै 2024 पर्यंत लागू असलेल्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम 235(2). आमचे वकील तिथे फक्त "गरीब आहे, दया करावी" एवढंच म्हणणार होते. त्यांच्याच ऑफिसातल्या एका ज्युनिअर ताईंनी 1958 चा प्रोबेशनचा कायदा काढला, म्हणजे दोषी ठरलेल्याला जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडायचा. त्यात 21 च्या आतल्या मुलाला शक्यतो जेल नको असं कलम 6 आहे, पण वय गुन्ह्याच्या दिवसाचं धरत नाहीत, शिक्षा ठरवायच्या दिवसाचं धरतात. केस कोर्टात पडून राहिली तेवढ्यात भावाचं ते संरक्षण गेलं. याचा मला आजही राग येतो. उरलं कलम 4, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडायचं, ते कोर्टाच्या मर्जीवर.

कोर्टाने प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवला. ते साहेब घरी आले, चहा नको म्हणाले, भावाचं आयटीआयचं सर्टिफिकेट आणि पगाराच्या स्लिपा बघितल्या, पोलीस पाटलांना भेटले, शेजारच्या काकूंना विचारलं की हा रात्री किती वाजता घरी येतो. मग भावाला विचारलं, त्या ड्रायव्हरला नंतर कधी भेटलास का? भाऊ म्हणाला, "हो साहेब, दवाखान्यात गेलो होतो, पण त्यांच्या बायकोने बाहेरूनच जा म्हणून सांगितलं." तेही रिपोर्टमध्ये आलं.

निकालात भावाला दोन वर्षांचा बाँड आणि ड्रायव्हरला नुकसानभरपाई भरायची. ज्याच्यावर एसटी पेटवल्याचं सिद्ध झालं त्याला जेल झाली आणि ती व्हायलाच हवी होती, आपल्या समाजाचा पोरगा आहे म्हणून मी वेगळं बोलणार नाही. त्या ड्रायव्हरचा आरक्षणाशी काय संबंध, तो पोटासाठी गाडी चालवत होता. पण सगळ्यांना एकाच मापाने दोन-तीन वर्षं ठोकली असती तर तो न्याय नव्हता, प्रत्येकाने काय केलं ते वेगवेगळं बघायलाच पाहिजे, मग आंदोलन कुणाचंही असो, आमचं असो की आमच्या विरोधातलं.

ज्यांच्या घरात अशी केस चालू आहे त्यांनी कागदपत्रं निकालाच्या आधीच जमवून ठेवा, आणि वकिलांना प्रोबेशनचं स्पष्ट विचारा. याच कायद्याच्या कलम 12 मुळे प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही, तरी कंपनीच्या पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये केस दिसतेच, म्हणून निकालाची नक्कल लगेच काढा आणि दोन-चार झेरॉक्स घरात ठेवा.