मोती लख्ख, डोळे मऊ

लग्नाच्या सीझनमध्ये माझ्याकडे एडिटिंगला येणाऱ्या फोटोंचं एक दुखणं कायमचं आहे. मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा इतका लख्ख, आणि नवरीचे डोळे मात्र किंचित मऊ, म्हणजे धूसर. फोटोग्राफरला तरी किती बोलणार? ८५ एमएमची लेन्स, तिचं तोंड एफ १.८ इतकं उघडं, दीड मीटरवरून क्लोजअप. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर फोकसची जाडी, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर. त्यात मोती डोळ्यांच्या पुढे लोंबतात, हलतात, चमकतात. डोळे ओळखणारा ऑटोफोकससुद्धा कधीकधी त्यांच्यावरच भाळतो. मग फोन येतो, "ताई, एवढे डोळे जरा ओढून द्या ना," म्हणजे शार्प करून द्या.

मी आधी विचारते, फोटो अल्बममध्ये केवढा जाणार? २४ मेगापिक्सेलची फाइल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. चार बाय सहा इंचात ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्यातले १८०० बाय १२०० उरतात. शंभर टक्के झूमवर दिसणारा दोन-तीन पिक्सेलचा धूसरपणा तिथे एका पिक्सेलच्याही आत येतो. अशा फोटोला मी हात लावत नाही. पण तोच फोटो बारा बाय छत्तीस इंचांच्या पूर्ण स्प्रेडवर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, जाणार असेल, तर काम आहे.

त्याआधी शेजारच्या फ्रेम बघायच्या. बर्स्टमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ झटपट, घेतलं असेल तर मान त्याच कोनात असलेली आणि डोळ्यांवर फोकस नेमका लागलेली एखादी फ्रेम बऱ्याचदा सापडते. तिथले डोळे उचलून बसवले, की बाकीची मेहनत वाचते.

नाहीच मिळाली, तर फोटोशॉप. लेअरची कॉपी, त्यावर फक्त कडा वेगळ्या काढणारा हाय पास फिल्टर. करड्या पडद्यावर पापण्यांचे केस आणि बुबुळाची कड एवढंच उमटेल इतकीच रेडियस. मग तो लेअर डिसॅच्युरेट करायचा, म्हणजे त्यातला रंग काढायचा, नाहीतर कडांना रंग फुटतात. ब्लेंड मोड ओव्हरले, वर सगळा परिणाम झाकणारा काळा मास्क, आणि हवा तिथेच तो उघडायला कमी फ्लोचा पांढरा ब्रश. खरी गंमत इथे आहे, कारण ब्रश अख्ख्या डोळ्यावर फिरवायचाच नाही. वरच्या पापणीच्या केसांची मुळं, बुबुळाची बाहेरची कड आणि बाहुलीत पडलेली प्रकाशाची टिकली, एवढ्या तीनच जागा. पांढऱ्या भागावर ब्रश गेला की लाल शिरा वर येतात, आणि हळदीच्या रात्री नवरी कितीशी झोपलेली असते! काजळाकडेही लक्ष ठेवायचं. जास्त ओढलं की पहिली पांढरी किनार काजळालाच फुटते. ती दिसली की ओपॅसिटी खाली.

एवढं करूनही डोळे मऊच वाटतात, तेव्हा मी डोळे सोडून मोत्यांकडे वळते. लाइटरूममध्ये मोत्यांवर मास्क टाकून टेक्स्चर आणि क्लॅरिटी उणे करते, हायलाइट्स थोडे उतरवते. डोळ्यांत काहीही न बदलता ते पुढे येतात. फोटोतली सगळ्यात धारदार गोष्ट कोणती, तिकडेच नजर जाते. त्यामुळे माझ्या मते या दुरुस्तीचं अर्धं काम डोळ्यांच्या बाहेरच असतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

एआयवाल्या शार्पनिंगबद्दल सगळे विचारतात. धूसरपणा थोडा असेल तर ती टूल्स कामाची आहेत. जास्त असेल तर मात्र ती डोळा दुरुस्त करत नाहीत, नवा काढतात. फोटोग्राफरनेच आधी अशा टूलमधून काढून आणलेला एक फोटो नवरीच्या आईने बघितला आणि म्हणाली, "छान आहे हो, पण हे डोळे आमच्या पोरीचे नाहीत." बुबुळात कुणा परक्याच्याच रेषा होत्या. आईला तेवढं कळतंच.

हात हलल्यामुळे कडा दुहेरी झाल्या असतील, तर मी सरळ नाही म्हणते.

फोटोग्राफर दादांना दोनच विनंत्या. क्लोजअपला एफ २.८ ठेवा, त्याच अंतरावर पाच सेंटिमीटरच्या आसपास जागा मिळते आणि मागचे लाइट तरीही छान विरघळतात. आणि मला रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल, पाठवा. कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपीजीवर शार्पनिंग आधीच झालेलं असतं. त्यावर मी अजून ओढलं, की काजळाची ती पांढरी किनार हमखास आलीच.