तुम्ही विचारलंत म्हणून: भूतानशी मैत्रीचा फेरविचार कशाला?

थिंफूतली नोकरी संपवून परतल्यापासून मला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो: भूतानसारख्या सख्ख्या शेजाऱ्याशी असलेल्या मैत्रीचा फेरविचार करा, असे तुम्ही म्हणता तरी कसे? आपण त्यांना काय कमी दिले?

कमी दिले असे मी कधीच म्हटलेले नाही. चुखा जलविद्युत प्रकल्पाला आपण ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज दिले, तिथली वीजही आपणच विकत घेतो. माझी तक्रार दिलेल्याची दोरी हातात ठेवण्याबद्दल आहे.

जुलै २०१३ मध्ये मी तिथेच होतो. १३ तारखेला भूतानच्या संसदेसाठी मतदान व्हायचे होते आणि १ तारखेपासून गॅस व केरोसीनवरचे भारताचे अनुदान थांबले. सिलिंडरचा भाव दुपटीवर गेला. घरमालकीणबाईंनी रिकामा सिलिंडर जिन्याखाली सरकवला, विजेच्या शेगडीवर मिरच्या आणि चीजचा एमा दात्शी शिजत ठेवला आणि हिंदीत विचारले, "तुमच्या सरकारला आमचे पंतप्रधान आवडत नाहीत का?" भूतानच्या पंचवार्षिक योजनेची मुदत ३० जूनला संपली, नव्या तरतुदीला वेळ लागतो, हे दिल्लीचे स्पष्टीकरण मी त्यांना ऐकवले. ते खोटे नव्हते. पण आदल्या वर्षी रिओत भूतानचे पंतप्रधान जिग्मे थिनले चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. थिनलेंचा पक्ष हरला, थोड्याच दिवसांत अनुदान पूर्ववत झाले, आणि पुढे भाडे घेताना बाई हसत विचारीत, "आता योजना कधी संपते?"

तेव्हाचा मी तुमच्याच बाजूने भांडत असे: सिलिगुडीची चिंचोळी पट्टी धोक्यात आली तर ईशान्य भारत तुटेल, मग थोडा दाब दिला तर बिघडले कुठे? २०१७ मध्ये या पट्टीजवळच्या, भूतान आणि चीन दोघेही हक्क सांगतात त्या डोकलाम पठारावर भारत आणि चीनची सैन्ये ७३ दिवस समोरासमोर उभी राहिली, तेव्हा हा युक्तिवाद अधिकच भक्कम झाला आणि तो मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. तरीही परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याचे १९४९ च्या करारातले कलम आपणच २००७ मध्ये काढून टाकले, तर चीनशी सीमेची बोलणी करणाऱ्या भूतानला आपली चिंता समोर बसून सांगावी, एवढीच माझी मागणी आहे. उद्या त्या बोलण्यांत डोकलाम गेले तर काय, या तुमच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण ते उत्तर कोणाच्या स्वयंपाकघरातून काढू नये.