काडेपेटीतली कॅप

डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भरीताचा सीझन. रविवारी शेतात पार्ट्या आणि सोमवारी माझ्या अमळनेरच्या क्लिनिकला दात तुटलेले एक-दोन पेशंट ठरलेले, कारण भरीतात तळलेले शेंगदाणे असतात आणि लोकांना वाटतं वांगंच तर आहे, त्याला काय चावायचं.

त्या सोमवारी बोरीकाठच्या एका गावचे आप्पा आले, कापूसवाले. खिशातून काडेपेटी काढली, आत कापसात गुंडाळलेली दाढेची कॅप. "डाक्टर भाऊ, टोपी निंघी गयी, बसाडी द्या, माले गाडी धरनी शे."

कॅप माझीच होती, 4 वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून खालच्या पहिल्या मोठ्या दाढेवर बसवलेली. निघालेली कॅप हातात आली की मी तोंडाच्या आधी कॅपच्या आत बघतो, नुसतं सिमेंट दिसलं तर बहुतेक वेळा साफ करून परत बसते, पण दाताचा तुकडा अडकलेला असेल तर काम वाढलं. इथे तिसरंच, काचेसारखा कडक पांढरट थर. विचारलं तर आप्पा पंख्याकडे बघायला लागले. कॅप महिन्याभरापूर्वीच निघाली होती आणि त्यांनी ती चप्पल चिकटवायच्या 5 रुपयेवाल्या ट्यूबने दोनदा चिकटवली होती, दुसऱ्या वेळी नातवाने मोबाईलची लाईट धरली होती म्हणे!

तोंडात बघितलं आणि हसू गेलं. कॅप तिरकी बसलेली, कडेला फट, फटीत अन्न, आणि खाली दात किडून मऊ. कॅप घातली की कीड लागत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, अहो कॅपला नाही लागत, पण कॅप हिरडीजवळ जिथे संपते तिथून पुढे तुमचाच दात आहे ना. त्यात नस काढलेली, म्हणून ठणकलं पण नाही.

आप्पांचं एकच, चांगला गम लावून द्या. म्हणलं आप्पा, गमचं काम थोडं, खरी पकड खुंटाची, म्हणजे कॅपच्या आत घासून उरलेल्या दाताची. रूट कॅनालच्या दाढेत मधला भाग पोकळ झालेला असतो, जोर आला की भिंती फाकतात, कॅप त्यांना चहूकडून आवळून धरते, पण आवळायला हिरडीच्या वर 2 मिलीमीटर तरी चांगला दात पाहिजे, तुमचा जिभेकडून 1 पण नाही. आप्पा जरा थांबले आणि म्हणाले, "म्हनजे चाकनी धाव. लाकूड सडनं का ढिली व्हयनी." धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकाला आवळून बसवलेली लोखंडी पट्टी. यापेक्षा चांगलं मला कॉलेजात पण कोणी सांगितलं नव्हतं.

जुना एक्स-रे काढला तर खुंट तेव्हाच बुटका होता. कापूस वेचणीचे दिवस, आप्पांना घाई आणि त्यांच्या नादात मलाही. तेव्हाच थोडी हिरडी खाली घ्यायला हवी होती, म्हणजे दात जास्त उघडा झाला असता. हे आप्पांना सांगितलं आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

मुळं चांगली होती, म्हणून दाढ वाचवायला घेतली. कीड काढली, हिरडी आणि थोडं हाड खाली घेतलं, 6-7 आठवडे टेम्पररी कॅपवर काढले, मग मुळात फायबर पोस्ट म्हणजे आधाराची बारीक काडी, त्यावर कोअर म्हणजे भरून तयार केलेला खुंट, हिरडीत दोरा घालून माप घेतलं आणि जळगावच्या लॅबला दिलं. हल्ली सगळ्यांना दातासारखा पांढरा झिरकोनियाच पाहिजे असतो, पण मी पूर्ण मेटलची सुचवली कारण ती पातळ चालते, दात कमी घासावा लागतो, आणि इथे घासायला होतंच काय! आप्पा म्हणाले, "मांगे कोन देखस."

बसवताना निळा कागद चावायला दिला, दोन ठिकाणी उंच लागत होती, घासली. जाताना आप्पांनी जुनी कॅप मागून घेतली आणि परत काडेपेटीत ठेवली. म्हणलं आता कशाला?

"ऱ्हाऊ द्या, स्टेपनी शे."