रेषा बदलल्या त्या वर्षीचं मतदान

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इलेक्शन इन्स्पेक्टरचं, म्हणजे मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्याचं, काम करायचं तर आपला पक्ष आधी सांगावा लागतो. प्रत्येक केंद्रावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं असलीच पाहिजेत, असा नियम आहे. 8 नोव्हेंबर 2022 ला ओकलंड काउंटीतल्या आमच्या केंद्रावर मी डेमोक्रॅट आणि माझ्या शेजारी एक रिपब्लिकन बाई. सात वाजता दार उघडायच्या आत आमची शपथ झाली, मशीनमधून शून्याची पट्टी, म्हणजे अजून एकही मत पडलेलं नाही हे दाखवणारा कागद, काढून सगळ्यांनी सह्या केल्या.

त्या दिवशी राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतल्या सगळ्या जागा, हाउसच्या 110 आणि सेनेटच्या 38, मतदारसंघांच्या नव्या नकाशावर लढवल्या जात होत्या. निवडणुकीचं काम बघणाऱ्या क्लार्कच्या ऑफिसने घरोघरी नवी मतदार कार्डं पाठवली होती, पण टपालातली कार्डं नीट वाचतं कोण! त्यामुळे सकाळपासून लोक मतपत्रिका हातात घेऊन थबकत होते. ओळखीची नावं गायब, आणि जी होती ती कधी ऐकलेली नाहीत.

दुपारी एक मराठी काका आले. पंढरपूरकडचे, इथे येऊन जन्म गेला. मतपत्रिका दोनदा उलटसुलट करून मला म्हणाले, "अगं, आपला नेहमीचा माणूस कुठे गेला?"

"काका, तुमचा मतदारसंघ बदललाय. आणि ते यंदा उभेच नाहीत, त्यांची मुदत संपली."

"मुदत? आमच्या सांगोल्यात गणपतआबा 11 वेळा निवडून आले, आणि इथे चांगल्या माणसाला सहा वर्षांत घरी पाठवतात?"

मला हो म्हणावंसं वाटत होतं, पण त्या खुर्चीत बसून मत द्यायची मुभा नसते. मी नुसतं बूथकडे हात केला. कारण त्याच मतपत्रिकेवर, मागच्या बाजूला, हाच प्रश्न प्रस्ताव 1 म्हणून छापलेला होता. 1992 च्या नियमाने हाउसमध्ये दोन वर्षांच्या तीन आणि सेनेटमध्ये चार वर्षांच्या दोन खेपा, तेवढंच, तेही आयुष्यभरासाठी. नव्या प्रस्तावात दोन्ही सभागृहं मिळून एकूण 12 वर्षं, हवी तर सगळी एकाच सभागृहात. आता सांगायला हरकत नाही, मला जुना नियम कधीच पटला नाही. बजेट वाचता यायला लागतं तोवर माणूस घरी जातो. तिथे वर्षानुवर्षं टिकून राहतात ते लॉबिस्ट, म्हणजे पैसे घेऊन आमदारांचं मन वळवणारे. प्रस्ताव मोठ्या फरकाने मंजूर झाला.

मुदतीची एवढी चर्चा झाली, पण माझ्या मते त्या दिवसाचा खरा कर्ता नकाशाच होता. आधीचे नकाशे 2011 मध्ये विधिमंडळानेच आखले होते, म्हणजे ज्यांना निवडून यायचं त्यांनीच. 2018 मध्ये राज्यभरात हाउससाठी डेमोक्रॅट उमेदवारांना जास्त मतं पडली, तरी बहुमत रिपब्लिकनांकडे, 58-52. त्याच वर्षी लोकांनी घटनादुरुस्ती करून हे काम 13 नागरिकांच्या आयोगाकडे सोपवलं: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. अर्जांमधून चिठ्ठ्या टाकावं तशी निवड, राजकारण्यांना मज्जाव. त्या दुरुस्तीसाठी स्वयंसेवकांनी 4 लाखांवर सह्या गोळा केल्या होत्या. हे सगळं आधी वाचलेलं होतं, पण एकेक मतदार नवी नावं निरखताना बघितलं तेव्हा ते मनात उतरलं.

दुपारपासून मी मशीनपाशी होते. तिथे मतपत्रिकेच्या टोकावरचा क्रमांक मतदाराने भरलेल्या अर्जाशी ताडून बघायचा, तो तुकडा फाडून घ्यायचा, मग मतदाराने कागद स्वतः मशीनमध्ये सरकवायचा. काकांचाही तुकडा मीच फाडला. आठला दार बंद, निकालाची पट्टी निघाली, पुन्हा सगळ्यांच्या सह्या. पेटीला सील लागलं. क्लार्ककडे ती दोन पक्षांच्या दोन माणसांनी मिळून न्यायची असते, तशी मी आणि त्या बाई निघालो. दिवसभर आम्ही राजकारणावर एक शब्द बोललो नव्हतो, आणि त्या पट्टीवर आमच्यापैकी कोणालाच शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी कळलं: हाउस 56-54, सेनेट 20-18, दोन्ही डेमोक्रॅटांकडे. सेनेट तर 1984 नंतर पहिल्यांदाच. तेव्हा ते गेलं ते आयकरवाढीवरून दोन सेनेटरांना मतदारांनी परत बोलावल्यामुळे.

नकाशा निर्दोष नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. डेट्रॉइटचे कृष्णवर्णीय वस्तीचे भाग उपनगरांना जोडताना त्यांची ताकद विखुरली. डिसेंबर 2023 मध्ये तीन फेडरल न्यायाधीशांनी 13 मतदारसंघ वंशाच्या आधारे आखल्याचं ठरवून ते पुन्हा काढायला लावले. हाउसचे नवे मतदारसंघ 2024 ला वापरात आले, आणि त्या वर्षी हाउस परत रिपब्लिकनांकडे गेलं, 58-52. माझा पक्ष हरला, याचं वाईट वाटलं. पण लोकांनी मत फिरवलं की सभागृह फिरतं, हे मला त्याहून जास्त हवं होतं.